भविष्यनिर्वाह निधीवर लक्ष कोणाचे?

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये मिळवणाऱ्या कामगाराच्या पगारातून साधारणपणे दरमहा १,८०० रुपये पीएफसाठी कापले जातात. मालकही तेवढीच रक्कम भरतो. त्यातले १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि ५५० रुपये पीएफच्या खात्यात. ही बचत सक्तीची आहे. पैसे कुठे गुंतवायचे, व्याज किती घ्यायचे, यातले काही कामगाराच्या हातात नसते. बँकेचा कारभार पटला नाही तर माणूस ठेव मोडून दुसरीकडे जातो; पीएफमधून असे उठून जाता येत नाही. म्हणूनच सक्तीची बचत जो सांभाळतो, त्याच्यावर देखरेख ठेवणारा वेगळा आणि स्वतंत्र असायला हवा. आपल्या पीएफच्या व्यवस्थेत नेमकी तीच जागा रिकामी आहे.

कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटना १९५२ च्या कायद्यातून उभी राहिली. वर्गणी वसूल करणे, ती गुंतवणे, व्याज जमा करणे, पेन्शन वाटणे आणि थकबाकीदार मालकावर कारवाई करणे ही सगळी कामे तिचीच. ज्या कंपन्यांना स्वतःचा पीएफ ट्रस्ट चालवण्याची सूट आहे, त्यांची तपासणीही तीच करते. तिच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष केंद्रीय कामगारमंत्री असतात. मंडळावर कामगारांचे १० प्रतिनिधी आहेत खरे, पण त्यांची नेमणूक कामगार संघटनांशी सल्लामसलत करून केंद्र सरकारच करते. राष्ट्रीय पेन्शन योजनेत (एनपीएस) मात्र हिशेब ठेवणारी संस्था, गुंतवणूक करणारे व्यवस्थापक, रोखे ताब्यात ठेवणारी संस्था आणि विश्वस्त हे सारे वेगवेगळे आहेत, आणि त्या सगळ्यांवर २०१३ च्या कायद्याने अधिकार मिळालेले नियामक प्राधिकरण आहे. एनपीएसचा परतावा बाजाराबरोबर वरखाली होतो आणि तो धोका कर्मचाऱ्याच्या माथी येतो, हे मला मान्य आहे. घ्यायची आहे ती कामांची ही विभागणी, बाजाराचा धोका नव्हे.

सांभाळणारा आणि तपासणारा एकाच गोटातले असले की काय होते, याचे मोठे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल यांचा नोव्हेंबर १९९१ मध्ये मृत्यू झाला आणि त्यांच्या कंपन्यांच्या पेन्शन निधीतून ४० कोटी पौंडांहून अधिक रक्कम नाहीशी झाल्याचे उघडकीस आले. कंपनीवर आणि निधीवर हुकूम एकाच माणसाचा चालत होता. त्या धक्क्यातून तिथे १९९५ चा पेन्शन कायदा आला आणि पुढे २००५ मध्ये स्वतंत्र पेन्शन नियामक कामाला लागला. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील वीज कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचे २,२०० कोटींहून अधिक रुपये डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीत अडकल्याचे २०१९ मध्ये समोर आले. तिथेही निधीच्या ट्रस्टचे निर्णय वीज महामंडळाच्याच अधिकाऱ्यांच्या हाती होते. कर्मचाऱ्यांना आंदोलन करावे लागले, तेव्हा कुठे राज्य सरकारने पैशांची हमी घेतली. त्याआधी २०१८ मध्ये आयएलअँडएफएस ही वित्तीय कंपनी कोलमडली, तेव्हाही अनेक कंपन्यांच्या पीएफ ट्रस्टांचा पैसा तिच्या रोख्यांत होता.

स्वतंत्र नियामकाच्या मागणीवर पहिला आक्षेप असा की, कॅगचे लेखापरीक्षण आहे, संसद आहे, आणखी एक नियामक कशाला? लेखापरीक्षण होते ते व्यवहार होऊन गेल्यावर. गुंतवणुकीचा निर्णय होत असतानाच थांबवण्याचा अधिकार त्यात नाही. दुसरा आक्षेप कामगार संघटनांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. आज पीएफचे व्याज जाहीर होते आणि मिळते. नियामकाच्या वाटेने बाजार आत शिरला तर ही निश्चिती जाईल, अशी त्यांची भीती आहे. पण बाजार आधीच आत आलेला आहे. ऑगस्ट २०१५ पासून पीएफचा काही भाग ईटीएफमार्गे शेअर बाजारात जातो, आणि २०२१-२२ साठी जाहीर झालेला ८.१ टक्के दर चार दशकांतला सर्वांत कमी होता. त्या वर्षी प्रत्यक्ष कमाई किती झाली, किती रोखे विकून दर राखला, पुढच्या वर्षांसाठी शिल्लक किती उरली, हे वर्गणीदाराला समजेल अशा भाषेत कोण सांगणार? ज्याने दर ठरवला त्यानेच तो योग्य असल्याचे सांगितले, तर तेवढ्यावर विश्वास ठेवावा लागतो. निश्चित व्याज कायम ठेवूनही त्याचा हिशेब तिऱ्हाइताकडून तपासून घेता येतो.

या तपासणीची गरज सर्वांत जास्त कंत्राटी कामगाराला आहे. पगारपत्रकावर पीएफची कपात दिसते, पण पासबुकात त्या महिन्याची नोंदच नसते. कापलेली वर्गणी न भरणे हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा आहे, तरी तक्रार करणाऱ्याचे काम त्याच ठेकेदाराच्या मर्जीवर चालते, म्हणून तो गप्प बसतो. वसुली, गुंतवणूक आणि पेन्शनवाटप भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडेच राहू द्यावे. देखरेख मात्र कामगार मंत्रालयाच्या बाहेर, संसदेला थेट उत्तरदायी असलेल्या प्राधिकरणाकडे जावी, आणि नाव उघड न करता केलेल्या तक्रारीवरही चौकशी सुरू करण्याचा अधिकार त्याला असावा. ही मागणी कामगार संघटनांनी स्वतः पुढे होऊन करावी, कारण पैसा त्यांच्याच सभासदांचा आहे.