बांधाच्या दोन बाजू

एका गावी अखंड हरिनाम सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. त्या रात्री निरूपणात ताटीचा प्रसंग आला. जनांच्या निंदेने खिन्न होऊन ज्ञानोबाराय कुटीची ताटी लावून बसले आणि धाकट्या मुक्ताईने बाहेर उभे राहून त्यांना विनविले, ही कथा वारकऱ्याच्या घरी पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. श्रोते रंगले होते. कीर्तन आटोपले, आरती झाली आणि नेहमीप्रमाणे दर्शनाला रीघ लागली.

रांगेत एक आजी होत्या, सोबत सहा-सात वर्षांची नात. आमच्यापुढे आल्यावर ती पोर दोन पावले मागे सरली. आजींनी तिची मान धरून आमच्या पायांवर टेकविली. "महाराजांच्या पाया पड, लाजतेस काय एवढी?" आम्हीही हसलो, पोरीचा गालगुच्चा घेतला आणि 'शहाणी हो' असा आशीर्वाद दिला. ती आमचा हात झटकून पळाली. चार माणसे हसली आणि रांग पुढे सरकली.

सकाळी ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्या ओसरीवर तीच पोर दिसली, शेजारच्याच घरची. आम्ही सहज विचारले, "का गं बाळ, काल आमच्यावर रागावलीस का?" ती खाली बघत म्हणाली, "मला नको होतं. मी नको म्हटलं होतं."

वाचकहो, तिने नको म्हटले होते आणि ते आम्ही ऐकले नव्हते. मुक्ताईने ताटी ढकलली नाही, बाहेर उभी राहून 'उघडा' एवढेच म्हटले, हे आम्ही रात्री मोठ्या प्रेमाने सांगितले. आणि पुरता अर्धा तास उलटला नाही तोच एका मुक्ताईची ताटी आम्हीच ढकलून मोकळे झालो! चाळीस वर्षे नारदांच्या गादीवर उभे राहून लोकांना 'श्रवण करा, श्रवण करा' असे सांगणाऱ्याच्या कानांची ही अवस्था. तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही. म्हणून आज त्यावर चार शब्द.

लहान मुलांना मर्यादा शिकवावी, याबद्दल दुमत नाही. वडील माणसांपुढे कसे बसावे, कसे बोलावे, काय मागू नये, हे घरोघर शिकवितात आणि शिकवावेच. पण मर्यादा या शब्दाचा मूळ अर्थ काय? संस्कृतात मर्यादा म्हणजे सीमा, काठ, हद्द. आता हद्द म्हटली की तिला दोन बाजू आल्याच. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. दोन शेतांमधला बांध एकट्याचा नसतो, दोघांचा असतो. मी तुझ्या शेतात नांगर घालायचा नाही आणि तू माझ्या शेतात घालायचा नाही, एवढेच तो मुकेपणी सांगतो. आम्ही मात्र मुलांना बांधाची एकच बाजू दाखविली. 'मोठ्यांची मर्यादा पाळ' हे शिकविले. 'तुझीही एक मर्यादा आहे आणि ती मोठ्यांनीही पाळायची आहे' हे शिकविलेच नाही. मग ते लेकरू असे समजते की आपल्या शेताला बांधच नाही. ज्याने यावे त्याने यावे.

कोणी म्हणेल, महाराज, एका नमस्काराचे एवढे काय? तर नमस्काराचाच विचार करू. आमच्या संप्रदायात नमस्काराला मोठे मोल आहे. वारीत वडील माणूस पोराच्या पाया पडतो, लहान-थोर सगळे एकमेकांना माउली म्हणतात. हे भूषण दुसरीकडे क्वचित दिसेल. पण त्यातले मर्म असे की जो तो आपण होऊन वाकतो. 'नम्' हा धातू वाकण्याचा. 'नमति' म्हणजे तो वाकतो. त्याचे प्रयोजक रूप केले की 'नमयति' होते, म्हणजे तो दुसऱ्याला वाकवितो. व्याकरणात एवढासाच फरक. पण त्या एवढ्याशा फरकात नमस्कार निघून जातो आणि नुसती मान मोडणे उरते. लेकराने लांबूनच हात जोडले, तर तो पुरा नमस्कार आहे. नुसते हसले, तरी आम्हांला पोहोचला. नाहीच केला, तर उद्या करील. नमस्कार मनात पिकावा लागतो. कच्चा तोडून काय गोडी?

आणखी एक पाहा. पंढरीनाथाच्या मूर्तीची झीज होऊ नये म्हणून वज्रलेप करावा लागतो. २०२४ साली मंदिराच्या संवर्धनाच्या कामासाठी मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद होते. वारकऱ्यांनी मुखदर्शनावर समाधान मानले. कोणाची भक्ती कमी झाली? पाषाणाची झीज होते म्हणून आपण हात आवरतो. मग लेकराच्या मनाची झीज होत असेल, तर तेथे हात आवरायला काय हरकत आहे?

आता एक आक्षेप आमच्याच मंडळींकडून येतो. तो वेदांताचा आहे म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, देह नश्वर, आत्म्याला स्पर्श नाही, मग मुलांना 'हे माझे शरीर, हे माझे अंग' असे शिकविणे म्हणजे देहबुद्धी वाढविणे नव्हे काय? यास उत्तर असे. देहबुद्धी ज्याची त्याने सोडायची असते. माझे वैराग्य मी माझ्या देहावर चालवावे. दुसऱ्याच्या देहावर चालविण्याचा अधिकार मला कोणी दिला? भुकेल्यापुढचे ताट ओढून घेऊन त्याला 'अन्न मिथ्या आहे' असे सांगणारा ज्ञानी नव्हे, लुटारू होय. आणि बघा, दुसऱ्याच्या देहावर हात टाकणारा तर देहबुद्धीत गळ्यापर्यंत बुडालेला असतो. त्याच्या बचावाला वेदांत नेणे म्हणजे चोराच्या हाती देवघराची किल्ली देणे. शिवाय नरदेह हे साधन आहे असे संत सांगतात. साधन जपायचे की वाटेवर टाकायचे?

दुसरा आक्षेप असा की मुलाला 'नको' म्हणायला शिकविले तर ते उद्धट होईल, कोणाचे ऐकणार नाही. आमचा अनुभव उलट आहे. ज्याचे 'नको' घरात ऐकले जाते, तेच मूल दुसऱ्याचे 'नको' ऐकते. ज्याला नेहमी ओढले, ते संधी मिळताच धाकट्याला ओढते. मात्र हे दोन्ही बाजूंनी शिकविले पाहिजे. बहिणीची वेणी ओढायची नाही. सोबती 'पुरे' म्हणाला की खेळ थांबवायचा. दुसऱ्याची पिशवी न विचारता उघडायची नाही. अंघोळीच्या जागी डोकवायचे नाही. अभ्यास कर, पान वाढ, खोटे बोलू नकोस, येथे मुलाचे 'नको' चालणार नाही. औषध घ्यायलाही 'नको' चालत नाही. पण तेथे समजावून घेता येते. अंगाला हात लावणे, पापा घेणे, मांडीवर ओढणे येथे मात्र ते चालले पाहिजे. एवढा विवेक आई-बापांना सहज करता येतो.

येथवर नमस्काराचे आणि गालगुच्च्याचे झाले. आता जे बोलायचे ते कडू आहे. तथापि हरिकथेत जसे खरे बोलावे तसे मासिकातही बोलावे.

बांध कोण कोरतो? परगावचा माणूस येऊन बांध कोरीत नाही. ज्याचे शेत बांधाला लागून आहे तोच दर नांगरटीला वीतभर आत सरकतो. मुलांच्या बाबतीतही तसेच आहे. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी शेकडा ५३ मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. आणि त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. म्हणजे काका, मामा, शेजारी, शिकविणारा, आणि, जीभ अडखळते तरी सांगतो, कधी गळ्यात माळ असलेलाही. क्षेत्राच्या ठिकाणी गायन, पखवाज, कीर्तन शिकायला आठ-दहा वर्षांची मुले घर सोडून राहतात. अशा काही ठिकाणांच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. 'संप्रदायाची बदनामी होईल' म्हणून झाकावे काय? अहो, बदनामी पाप उघडे केल्याने होत नाही. झाकून ठेवल्याने होते. माळ ही पांडुरंगाची खूण आहे. तिच्या आड लपणाऱ्याला उजेडात आणणे हेच माळेचा मान राखणे होय.

आणि येथेच आमच्या त्या रात्रीच्या हसण्याचा हिशेब लागतो. ज्या पोरीची मान धरून आम्ही तिला शिकविले की मोठ्या माणसापुढे तुझे 'नको' चालत नाही, चारचौघे त्यावर हसतात, ती पोर उद्या खऱ्या संकटात कोणाकडे जाईल? वाईट माणसाला जे मूल हवे असते, ते मुके मूल आम्ही भली माणसे आपल्या हातांनी तयार करून ठेवतो. आमचा हेतू शुद्ध होता. पण मुलाला हेतू दिसत नाही, हात दिसतो.

म्हणून तीन-चार वर्षांचे झाल्यापासून मुलाशी साध्या शब्दांत बोलावे. अंगाच्या अवयवांची नावे हसू न करता सांगावीत. चड्डीखाली झाकलेल्या जागेला अंघोळ घालणारी आई-आजी आणि आई जवळ असताना तपासणारे डॉक्टर यांखेरीज कोणी हात लावायचा नाही, हे सांगावे. आवडले नाही तर मोठ्याने 'नको' म्हणायचे, तेथून निघायचे आणि येऊन सांगायचे. 'कोणाला सांगू नकोस' असे जो म्हणतो, त्याचेच आधी सांगायचे. मग तो कितीही मोठा असो, त्याने खाऊ दिलेला असो. मुलगी असो वा मुलगा, दोघांनाही हे सांगावे. मुलग्यांविषयी आपण उगाच निर्धास्त असतो.

वारीला नेताना मुलाला आपले नाव, गाव, आई-बापांचे नाव, आपली दिंडी कितवी, रथापुढची की मागची, हे पाठ करून घ्यावे. रात्री तंबूत, ट्रकमध्ये दाटीवाटीने झोपावे लागते. तेथे मुलाला आपल्या कुशीशी घ्यावे. दिंडीचालकांनीही यात लक्ष घालावे.

आणि मूल काही सांगू लागले तर हातातले काम खाली ठेवावे. 'तुला भास झाला', 'ते तर किती चांगले आहेत' असे म्हणू नये. आधी म्हणावे, 'सांगितलेस ते बरे केलेस, तुझी चूक नाही.' मग पुढचे करावे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा अमलात आहे. १८ वर्षांखालील मुलगा-मुलगी दोघेही त्यात येतात. असा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळविणे हाही त्या कायद्याने अपराध आहे. १०९८ हा क्रमांक मुलांसाठी रात्रंदिवस चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो घरातल्या भिंतीवर आणि दिंडीच्या पाटीवर लिहून ठेवावा.

संप्रदायात हे शिकवायला नवे काही आणावे लागत नाही. पहाऱ्यावरचा विणेकरी बदलतो तेव्हा काय घडते ते पाहावे. दुसऱ्याच्या गळ्यातली वीणा कोणी ओढून घेत नाही. घेणारा पुढे येऊन उभा राहतो, देणारा आपल्या हाताने देतो आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. मुलांना ते जवळून दाखवावे आणि सांगावे, बाळा, माणसाशी असेच वागायचे.

आणि आपल्या दैवताकडे तरी पाहावे. भक्ताच्या दारी देव आला. पुंडलिक आई-बापांच्या सेवेत होता. त्याने वीट दिली आणि थांबायला सांगितले. जगाचा धनी, पण दार ढकलले नाही, आत शिरला नाही, रागावलाही नाही. आपले दोन्ही हात आपल्याच कमरेवर ठेवून विटेवर उभा राहिला, तो अजून उभा आहे. आजवर त्या कमरेवरच्या हातांचे आम्ही नाना अर्थ सांगितले. आता त्यांत हाही एक सांगतो.

त्या ओसरीवर आम्ही पोरीला म्हणालो, "चुकलं हो आमचं." ती काही बोलली नाही, आत पळाली. तिने आम्हांला क्षमा केली की नाही, ते तिचे तिला ठाऊक. पण त्या दिवसापासून कीर्तन संपल्यावर आम्ही आधी सांगतो: लेकरांना वाकवू नका, त्यांनी लांबून हात जोडले तरी पुष्कळ आहे. आणि पुढे लेकरू आले की आम्हीच आधी हात जोडतो. भाविकांनी आपल्या घरी एवढे तरी करून पाहावे, ही चरणी विनंती.

रामकृष्ण हरी.