लॅबवाल्याला शिव्या घालण्याआधी

अल्बम टेबलावर आपटून मला काय सांगतोस, लॅबवाल्याने वाट लावली म्हणून? बस आधी खाली. हे पान उघड. नवरदेवाचा काळा कोट बघ. कॉलर कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो, दाखव बरं बोट ठेवून. नाही ना जमत? आता नवरीकडे बघ. लग्न लागलं, वरात गेली, तरी बिचारीच्या तोंडावरची हळद उतरलेली नाही. हे लॅबने केलं? तू पाठवलीस तीच फाइल त्याने छापली. नाचता येईना अंगण वाकडं! त्या माणसाला आजच फोन कर आणि जे बोललास त्याची माफी माग.

नवा मॉनिटर घेतलास, चांगलं केलंस. खोका फोडला, वायर जोडली आणि लगेच दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो एडिट करायला बसलास. ब्राइटनेस किती होता? ‘आला तसाच.’ मोड कुठला? ‘व्हिव्हिड, सर. रंग मस्त दिसतात.’ अरे, मस्त दिसावेत म्हणूनच तो मोड दिलेला असतो! दुकानाच्या झगझगाटात गिऱ्हाइकाची नजर खेचायची असते त्यांना. असे मॉनिटर ३०० निट्स आणि त्याहूनही जास्त उजेड फेकतात. छपाईसाठी फोटो बघायचा तर १०० ते १२० पुरे होतात, कारण कागदाला स्वतःचा दिवा नसतो. एवढ्या उजेडात कोटाची घडी न् घडी दिसली, म्हणून सावल्या उचलायचं तुला सुचलंच नाही. वर पडदा निळसर, त्यामुळे चेहरे थंड वाटले आणि तू पिवळा ओतत सुटलास. पडदाच खोटा, त्यामुळे जितकी मेहनत केलीस तितकं बिघडवलंस.

म्हणे, ‘मला तर पांढरं पांढरंच दिसत होतं.’ दिसणारच! पिवळ्या बल्बखाली वहीचं पान पांढरं दिसतं आणि अंगणात नेलं तरी पांढरंच दिसतं. डोळा आपल्या परीने जुळवून घेतो, हा त्याचा गुण आहे. म्हणूनच रंगाच्या बाबतीत त्याची साक्ष धरायची नसते. कलरिमीटर कशासाठी असतो? तो पडद्यावर टेकवायचा. सॉफ्टवेअर एकेक रंग दाखवतं, तो मोजतो आणि मॉनिटर किती खोटं बोलतो याची नोंद प्रोफाइलमध्ये होते.

पण त्याआधीचं तरी करायचंस! मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा. नाइट लाइट, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, आपोआप ब्राइटनेस बदलणारी सगळी थेरं बंद. मग व्हाइट पॉइंट ६५०० केल्व्हिन, गॅमा २.२, आणि ब्राइटनेस मघाशी सांगितला तेवढा. यात अवघड काय आहे? आणि मित्राने त्याच मॉडेलचं प्रोफाइल पाठवलं म्हणून ते टाकून मोकळा झालास, याला काय म्हणू? एकाच कारखान्यातून निघालेले एकाच मॉडेलचे दोन पॅनेलसुद्धा सारखे नसतात. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून गाडी चालवशील का? तुझं स्वतःचं प्रोफाइलही जन्मभर पुरणार नाही. बॅकलाइट वापराने बदलतो, महिन्या-दीड महिन्याने पुन्हा मोजावं लागतं.

तुझी खोलीही बघितली आहे मी. पोपटी भिंत, पाठीमागे उघडी खिडकी, दुपारचं ऊन थेट पडद्यावर. खिडकीला पडदा लाव, उजेड मंद आणि कायम एकसारखा ठेव. भिंत राखाडी करता आली तर उत्तमच. आणि तो लाल टी-शर्ट घालून एडिटिंगला बसू नकोस. हसू नकोस, काळ्या भागांत त्याची छटा उतरते.

राहिला तुझा लाडका मुद्दा, ‘लोक मोबाइलवर बघतात, प्रत्येकाचा स्क्रीन वेगळा, मग कशाला?’ कोणाचा निळ्याकडे झुकलेला, कोणाचा पिवळ्याकडे. तुझा फोटो मधोमध असेल तर दोघांकडेही थोडाच ढळेल. तूच पिवळ्याकडे ढकलून पाठवलास तर पिवळ्या स्क्रीनवाल्याकडे त्याची कावीळ होईल. एसआरजीबी हे मोजमाप १९९६ साली ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्टने मांडलं ते यासाठीच, सगळ्यांनी धरायची एक रेघ असावी म्हणून. बहुतेक लॅब तेच मागतात. तू अडोबी आरजीबीमध्ये फाइल पाठवलीस, पैठणी फिकी पडली त्यात नवल नाही.

हे फोटो पुन्हा करायचे, सगळे, मूळ रॉ फाइलपासून. अल्बमच्या छपाईचा खर्च तुझा, नवरीच्या वडिलांकडे एक पैसाही मागायचा नाही. आधी दोन-चार फोटो लॅबमधून छापून आण आणि पडद्याशेजारी चांगल्या उजेडात धरून बघ. जुळले तरच पुढचे पाठव. कलरिमीटर माझ्या कपाटात आहे. सोमवारी ये, रजिस्टरमध्ये सही कर आणि घेऊन जा.