‘फौजी आहे, त्याला काय धाड भरलीय?’

वकिली करून बारा वर्षं झाली ना रे तुला? दहावीत गणित पूर्ण न वाचताच उत्तर लिहायचास. ती खोड अजून गेली नाही. आता आरोपी न वाचता जामिनाचा अर्ज लिहायलास.

त्या नाईकाची आई परवा मुरुडला माझ्या ओट्यावर येऊन बसली. सतरा वर्षं फौजेत काढलेला पोरगा, शेजाऱ्याच्या डोक्यात काठी घातली म्हणून आत आहे. तिनं तुला सांगितलं होतं, साहेब, तो रात्र रात्र झोपत नाही, लग्नात फटाके वाजले की घरात शिरून भिंतीला चिकटतो. तू काय म्हणालास? ‘फौजी आहे, त्याला काय धाड भरलीय? दारू जास्त झाली असेल.’ किती मिनिटांत केलंस हे निदान? दारू पितो, खरं आहे. का पितो, हे विचारलंस कधी?

मी तिच्या घरी गेलो. कोपऱ्यात काळी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव. घडी घातलेल्या गणवेशाखाली प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक आणि मेडिकल बोर्डाचे कागद. वैद्यकीय श्रेणीत ‘एस’पुढं दोनचा आकडा. फौजेच्या श्रेणीत एस म्हणजे मनाची प्रकृती, आणि ती ठीक असली की तिथं एक असतो. म्हणजे घरी पाठवतानाच बोर्डानं लिहून दिलंय की हा माणूस मनानं पुरता बरा नाही. ती पिशवी उघडायला मला पाच मिनिटं लागली. तुझ्याकडं दीड महिना होता.

‘गुरुजी, तो स्वतःच म्हणतो मला काही झालं नाही.’ मग काय म्हणेल? ज्या बराकीत ताप आला तरी सांगायची लाज वाटते, तिथून आलाय तो. वेडा म्हणतील, पेन्शनीवर गदा येईल, या भीतीनं तोंड शिवलंय त्यानं. त्याचं गप्प बसणं मला कळतं. तुझं कळत नाही.

‘कोर्ट ऐकत नाही.’ कोर्टानं काय ऐकायचं? तू मागितलंस काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६७ आणि ३६८ काढ. आरोपी मनोरुग्ण असून स्वतःचा बचाव करण्याजोगा नाही असं वाटलं, तर त्याची वैद्यकीय तपासणी करवून घ्यावी लागते. तसं ठरलं, तर ३६९ खाली नातलगानं बाहेरून नियमित उपचार करण्याची हमी दिल्यावर जामिनाचीही वाट आहे. आणि आत ठेवलाच, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०३ खास कैद्यांसाठीच आहे. हे मी, शाळामास्तर, तुला सांगायचं? वेड पांघरून पेडगावला तू निघालास.

‘मराठवाड्यात मनोरुग्णालय कुठंय?’ येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, ही चारही जुनी मनोरुग्णालयं आपल्यापासून लांब आहेत, कबूल. पण लातूरच्या शासकीय वैद्यकीय संस्थेत मानसोपचार विभाग आहे. तुझ्या कोर्टापासून रिक्षानं जाता येतं. गेलास?

फीबद्दल बोलतो, कारण ते माझ्या जिव्हारी लागलंय. तिनं गंठण गहाण ठेवून तुझे पैसे भरले. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं फुकट वकील मिळतो, हे तिला सांगितलंस? २०२५ च्या कारगिल विजय दिनी सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू झाली, ती ठाऊक आहे तुला? सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढलास?

आणि मी त्याला सोडून द्या म्हणतोय, असं समजू नकोस. शेजाऱ्याच्या डोक्याला टाके पडलेत. त्यालाही न्याय हवा, आणि उद्या हा घरी आला तर पुन्हा काठी उचलणार नाही याची खात्रीही हवी. ती खात्री उपचारानं मिळेल की नुसत्या कोठडीनं?

गावालाही मी सोडत नाही. तो निवृत्त होऊन आला तेव्हा उघड्या जीपमधून मिरवणूक काढलीत. मारहाणीच्या आधी दोन महिने तो मध्यरात्री बाजारात पहारा देत फिरायचा, तेव्हा तुम्ही मोबाईलवर चित्रीकरण करत होता. मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनला, १४४१६ वर, एक फोन नाही केलात. फौजेतल्या माणसांसाठी तर पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, एएफएमसीत, टेलिमानसचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला.

अमेरिकेत बफेलो शहरात २००८ साली माजी सैनिकांसाठी वेगळं उपचार न्यायालय सुरू झालं. तिथं आरोपीच्या पाठीशी एक जुना सैनिक उभा करतात. तसं न्यायालय आपल्याकडं कधी होईल ते होवो. जुना सैनिक तर आपल्या गावात आहे ना? आपले रिटायर्ड सुभेदार रोज सकाळी चौकात चहाला असतात. त्यांना गाडीत घालून तारखेला ने. त्यांच्यापुढं तो बोलेल, तुझ्या काळ्या कोटापुढं बोलणार नाही.

तू ढ असतास तर मी शाई वाया घालवली नसती. वर्गात पहिला यायचास. म्हणून तर राग येतो.

उद्या पहिल्या एसटीनं मुरुडला ये. ट्रंकेची चावी तिच्या पदराच्या गाठीला आहे. माग.