तबकातील पिंपळ आणि पालकाचा धर्म

वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा जमिनीत रुजलेला पिंपळ आपली मुळे खोलवरच्या ओलाव्यापर्यंत नेऊन स्वतःचा बचाव स्वतःच करतो. पण बोन्साय म्हणून उथळ तबकात वाढविलेल्या त्याच पिंपळाला ही मुभा आपणच नाकारलेली असते. मग त्याच्या जीविताची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मला उद्यानशास्त्राहून अधिक धर्मशास्त्राचा वाटतो.

गीतेच्या दहाव्या अध्यायात ज्या अश्वत्थाची गणना भगवंतांच्या विभूतींत झाली, आणि जैन दर्शनाने ज्या वनस्पतिसृष्टीला एकेंद्रिय जीव मानून अहिंसेच्या कक्षेत घेतले, त्याला खुजे करून ठेवणे हीच मुळी हिंसा आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो मी हलका मानीत नाही. परंतु झाड एकदा आपल्या स्वाधीन झाल्यावर तात्त्विक खेदाने त्याची तहान भागत नाही. तबक तापले की मुळे भाजू लागतात. म्हणून दुपारी हिरव्या जाळीची सावली, तबकाभोवती ओले गोणपाट, मातीवर नारळाच्या काथ्याचे आच्छादन, आणि पहाटे व सायंकाळी तळाच्या छिद्रांतून निथळेपर्यंत पाणी, एवढा बंदोबस्त झालाच पाहिजे. मूळछाटणी मात्र पावसाळ्यावर ढकलावी. ही तजवीज मी नित्यपूजेचाच भाग मानतो. आणि सुटीत गावी जाताना जो गृहस्थ देवघरातील दिव्याची व्यवस्था शेजाऱ्याकडे सोपवितो, त्याने त्याच किल्लीबरोबर या झाडाच्या पाण्याचीही सोय लावून जावे.