पौलाची ढाल आणि आपली चित्रे



मागच्या वर्षी प्रायश्चित्तकाळात संत पौलाच्या इफिसकरांस पत्रातील सहाव्या अध्यायावर मी प्रवचन केले होते. देवाची शस्त्रसामग्री धारण करा, असे पौल जिथे सांगतो तो उतारा. त्या दिवशी मी एक गोष्ट मोठ्या खात्रीने सांगितली. रोमन शिपाई लढाईला निघण्यापूर्वी आपली चामड्याने मढवलेली ढाल पाण्यात भिजवून ठेवत, म्हणून शत्रूचे जळते बाण तिच्यावर विझत. तसाच आपला विश्वास प्रार्थनेत भिजलेला असावा. पुष्कळांना ते आवडले. एका आजीबाईंनी तर ते वाक्य आपल्या नातवाला पाठ करायला लावले.

ती गोष्ट आज मी मागे घेतो. मी ती एका प्रवचनांच्या पुस्तकातून घेतली होती, आणि त्या पुस्तकाने आणखी कुठल्यातरी पुस्तकातून घेतली असणार. कोणत्याही जुन्या लेखकाचा, कोणत्याही सापडलेल्या वस्तूचा आधार न देता ती एका व्यासपीठावरून दुसऱ्या व्यासपीठावर चालत आली आहे. पौलाने विश्वासाच्या ढालीने जळते बाण विझतात असे लिहिले, हे खरे. ढाल भिजवायची कृती त्याने लिहिलेली नाही. ती आम्ही लिहिली.

हे माझ्या ध्यानात कसे आले, ते सांगतो. पवित्र सप्ताहात आपली तरुण मंडळी प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य करणार आहेत. शिपायांचा पोशाख कुठून आणायचा यावर सभा झाली. कोणी म्हणाले, वडसा काही लांब नाही. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांकडून भाड्याने आणू. सूचना वाईट नव्हती. पण तिथे ऐतिहासिक नाटकांचे जे पोशाख मिळतात ते मावळ्यांचे आणि मोगल सरदारांचे. पिलाताचा शिपाई आपल्याकडे अफझलखानाच्या तंबूतून आल्यासारखा दिसला असता. (तसा तो एका वर्षी दिसलाही होता, जुन्या लोकांना आठवत असेल.) तेव्हा आपल्यातल्या एका मुलीने, जी पुण्यात शिकते, तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून रोमन सैन्याच्या शस्त्रांवरची चार सचित्र पुस्तके आणून दिली. सगळी इंग्रजी. चित्रे रंगीत, सुरेख. आणि चारही पुस्तकांत शिपाई वेगवेगळा!

मुले गोंधळली. त्यांतल्या एकाने, सातवीतला असेल, मला सरळ विचारले, "फादर, ज्यानं हे चित्र काढलं त्यानं ते शिपाई पायले होते का जी?"

बंधुभगिनींनो, त्या दिवसापासून मी पुस्तके त्या मुलाच्या प्रश्नाने पाहू लागलो. चित्रकाराने शिपाई पाहिलेला नाही. मग त्याने काय पाहिले? चांगले पुस्तक याचे उत्तर देते. हे शिरस्त्राण अमुक नदीत सापडले, हा पट्टा अमुक थडग्यावरच्या दगडात कोरलेला आहे, हा रंग मात्र आमची कल्पना आहे, असे ते चित्रागणिक सांगते. वाईट पुस्तक काहीच सांगत नाही. त्यातले चित्र अधिक चकचकीत असते आणि कुठेच अडखळत नाही.

यात एक अडचण आपली खास आहे. मुलांना चित्राखालची इंग्रजी ओळ वाचता येत नाही. इंग्रज मुलगा निदान "बहुधा" हा शब्द वाचतो. आपल्या मुलासाठी चित्र हेच शेवटचे वाक्य. म्हणून निवड करताना मी थोडा कडकपणा केला, आणि सर्वांत सुंदर चित्रांचे पुस्तक बाजूला ठेवले. काही तरुणांना ते रुचले नाही.

आता थोडे विस्ताराने सांगतो, कारण हा विषय मला आवडू लागला आहे. रोममध्ये सम्राट त्राजानचा स्तंभ उभा आहे, इ. स. ११३ मधला. त्यावर शेकडो शिपाई कोरलेले आहेत, आणि पुष्कळ चित्रकारांनी आपला रोमन शिपाई तिथूनच उचलला. खुद्द रोमच्या सैनिकांना लोखंडी पट्ट्यांचे चिलखत, साहाय्यक पलटणींना कड्यांचे, अशी तिथे छान विभागणी दिसते. पण आजच्या रुमानियात आदामक्लिसी येथे त्याच युद्धांचे दुसरे स्मारक आहे. ते सरहद्दीवरच्या हातांनी कोरलेले, ओबडधोबड. तिथे रोमचेच सैनिक कड्यांच्या आणि खवल्यांच्या चिलखतात दिसतात. राजधानीतल्या शिल्पकाराला प्रेक्षकांना ओळखू येईल असे चित्र हवे होते. आपल्या चांद्याचेच पाहा. कोटाच्या दरवाजावर हत्तीला दाबून बसलेला सिंह कोरला आहे. तो पाहून उद्या कोणी लिहिले, की गोंड राजांच्या फौजेत सिंह हत्तीवर बसून लढत, तर आपण हसू. दगडात कोरलेले खोटे नसते, पण ते काय सांगण्यासाठी कोरले ते विचारावे लागते.

त्या पट्ट्यांच्या चिलखताची कथा तर फार बोधक आहे. पुष्कळ काळ अभ्यासक असे मानत की लोखंडी पट्ट्या चामड्याच्या अंगरख्यावर शिवलेल्या असत. चित्रेही तशीच निघत. मग १९६४ साली उत्तर इंग्लंडात कॉर्ब्रिज येथे जमिनीत पुरलेली एक पेटी सापडली. तिच्यात चिलखताचे गंजलेले भाग एकमेकांना चिकटून पडले होते. त्यांच्यावरून कळले की अंगरखा नव्हताच. पट्ट्या आतल्या बाजूने चामड्याच्या वाद्यांवर रिवेटांनी जोडलेल्या होत्या. रसेल रॉबिन्सन या अभ्यासकाने त्याप्रमाणे चिलखत बनवून पाहिले आणि १९७५ साली त्यावर मोठा ग्रंथ काढला. पुढे बिशप आणि कूल्स्टन या दोघांनी १९९३ मध्ये एक ग्रंथ लिहिला, आणि नवीन वस्तू सापडल्या म्हणून २००६ मध्ये तो सुधारून पुन्हा काढला. विद्वान माणूस आपलेच पुस्तक दुरुस्त करतो. मग धर्मगुरूने आपले प्रवचन दुरुस्त करायला लाजावे काय?

आता कालवारीवरचे शिपाई. आपल्या क्रुसाच्या वाटेच्या चित्रांत ते सगळे पट्ट्यांच्या चिलखतात, हातात चौकोनी वाकलेली ढाल. तसे चिलखत त्या काळी होते; जर्मनीत काल्क्रीझे येथे मिळालेले त्याचे अवशेष इ. स. ९ मधल्या लढाईचे मानतात. पण पिलाताच्या हाताखाली यहूदियात रोमची मोठी सैन्यदले नव्हती. ती सिरियात होती. त्याच्याकडे साहाय्यक पलटणी होत्या, आणि त्यांत त्याच मुलखातल्या, कैसरिया आणि सबस्ते या शहरांतल्या माणसांची भरती होत असे. म्हणजे आपल्या प्रभूला खिळणारे हात बहुधा इटलीतून आलेले नव्हते. आसपासच्याच गावांतले, पगारावर आलेले तरुण ते. अंगात कड्यांचे चिलखत, हातात सपाट लांबट ढाल, असे मानणे अधिक योग्य. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

तर मग क्रुसाच्या वाटेची चित्रे काढून टाकायची का? एका भाविकाने मला हेच विचारले. नाही. जुन्या चित्रकारांनी शिपायांना आपापल्या काळचे, आपापल्या गावचे पोशाख घातले. ते चित्र आपल्याला गुडघे टेकायला सांगते, रोमची माहिती द्यायला ते लावलेले नाही. माहितीचे पुस्तक मात्र माहितीचा शब्द देते, म्हणून त्याची परीक्षा वेगळी. आणि व्यासपीठावरून "रोमन लोक असे करीत" असे म्हणणारा धर्मगुरू त्या क्षणी माहितीचे पुस्तक असतो.

ढालीकडे परत येतो. पौलाने जो ग्रीक शब्द वापरला तो दार या शब्दापासून आला आहे, दाराएवढी ढाल. लहान गोल ढालीसाठी दुसरा शब्द होता. अशी एक लाकडी ढाल खरोखर सापडली आहे. सिरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचे गाव होते. तिथे येल विद्यापीठाच्या मंडळींनी फ्रेंच विद्वानांबरोबर १९२८ ते १९३७ या काळात उत्खनन केले, त्यात ती मिळाली. तिसऱ्या शतकातली आहे, पौलानंतर सुमारे दोनशे वर्षांची. लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे तीन थर, एक आडवा, एक उभा, पुन्हा आडवा, आणि वर चामडे व चित्रकाम.

हे चित्र मी आपल्या धर्मग्रामातल्या एका बुरूडकाम करणाऱ्या भाऊंना दाखवले. ढाली तेच करून देणार आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही. थरांचे चित्र पाहून ते लगेच म्हणाले, "बरोबर आहे जी. एकाच अंगानं लावल्या तर वाकवताना तडकतील." मग त्यांनी दुसरे पुस्तक उघडले, ते सुंदर चित्रांचे. त्यात शिपायाने ढाल दोन पट्ट्यांत हात घालून कोपरावर धरली होती. भाऊंनी मान हलवली. मधोमध हा जो लोखंडी उंचवटा आहे तो काऊन ठेवला मग, असे त्यांनी विचारले. त्यांचे म्हणणे असे, की मागून मूठ मधोमध असेल तरच पुढे मुठीला पोकळी लागेल. आणि तेच खरे आहे. रोमन ढालीला मध्यावर आडवी मूठ असे आणि पुढचा लोखंडी उंचवटा ती मूठ झाकत असे. ज्याला मी चार दिवस वाचून पोहोचलो तिथे बांबू सोलणारा माणूस एका नजरेत पोहोचला. ते पुस्तक बाजूला ठेवले ते त्यांच्या सांगण्यावरून, हे तरुणांनी लक्षात घ्यावे.

त्याच दुरा गावात आणखी एक गोष्ट मिळाली. इ. स. २५६ च्या सुमारास इराणच्या सैन्याचा वेढा पडला, तेव्हा रोमन सैन्याने तट भक्कम करण्यासाठी त्याला लागून असलेल्या घरांत मातीचा भराव घातला. त्या भरावाखाली एक घर गाडले गेले. ते ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनाघर होते. बाप्तिस्म्याच्या खोलीत भिंतीवर उत्तम मेंढपाळाचे चित्र. आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती प्रार्थनास्थळांपैकी ते एक. शिपायाची ढाल आणि ख्रिस्ती माणसांची भिंत एकाच गावच्या मातीत राहिली. भिंतीवरची चित्रे आणि ती ढाल येल विद्यापीठाच्याच संग्रहात आहेत.

पौल ही उपमा कुठून घेतो? तो शिपायाला जवळून ओळखत होता. रोममध्ये त्याच्यावर पहारा ठेवायला एक शिपाई त्याच्यासोबत राहत असे, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात आहे. पण त्याच्यासमोर यशया संदेष्ट्याचे पुस्तकही होते. तिथे देव स्वतः नीतिमत्त्वाचे उरस्त्राण घालतो आणि तारणाचे शिरस्त्राण. म्हणूनच थेस्सलनीकाकरांस लिहिताना पौल उरस्त्राणाला विश्वास आणि प्रीती म्हणतो, तर इफिसकरांस लिहिताना नीतिमत्त्व. काही धार्मिक तक्त्यांत एकेका शस्त्राला एकेक सद्गुण खिळ्याने ठोकलेला असतो. पौलाने तसे ठोकले नव्हते. आणखी एक पाहा. रोमन सैनिकाचा प्रसिद्ध फेकायचा भाला पौलाच्या यादीत नाहीच. हल्ला करायचे शस्त्र एकच, तलवार, आणि ती म्हणजे देवाचे वचन. गेथशेमानीच्या बागेत पेत्राने उपसली ती तलवार प्रभूने म्यानात घालायला लावली होती.

एक गोष्ट उरली, आणि ती सांगावी की नाही याचा मी विचार केला. शिपायाच्या कामासाठी निवडलेल्या एका मुलाच्या वडिलांनी मला भेटून सांगितले, "फादर, माझ्या पोराले हे सोंग देऊ नका." ते मूळचे गडचिरोलीकडच्या आतल्या गावचे. त्यांच्या लहानपणी रात्री एका बाजूची बंदूकवाली माणसे दारात येत आणि दिवसा दुसऱ्या बाजूची. दोघेही विचारत, काल कोण आले होते? १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याला सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा गाडीचालक मारले गेले, तेव्हा त्यांच्या ओळखीच्या घरातही रडारड झाली. आपल्यापैकी कितीतरी जणांना शस्त्र ही पुस्तकातली वस्तू नाही.

मी त्यांना काही उपदेश केला नाही. चारांतले जे पुस्तक ठेवले आहे ते दाखवले. त्यात एक पान आहे, शिपाई ओझे वाहतो आहे त्याचे. काठीला बांधलेले गाठोडे, भांडे, कुदळ. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हा बी गरिबाचाच पोरगा दिसते." होकार त्यांनी दिलेला नाही, आणि मी मागितलेलाही नाही. त्या मुलाची जागा रिकामी ठेवली आहे. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूच्या वस्त्रांचे चार वाटे झाले, म्हणून शिपाई चारच असतील. सध्या तीन आहेत.

तीन पुस्तके परत गेली आहेत. चौथे सभागृहात टेबलावर राहील. हात धुऊन पाहावे, पाने दुमडू नयेत. चिलखतासाठी सुतळीचे विणकाम चालू आहे, ज्या भगिनींना जमेल त्यांनी शनिवारी दुपारी यावे. आणि ज्या आजीबाईंनी नातवाला ते भिजलेल्या ढालीचे वाक्य पाठ करायला लावले, त्यांच्या घरी मी या आठवड्यात येतो आहे.

तुमचे फादर