माकडाच्या हातातला कुंचला

गाढव ऐटीत बसले आहे आणि माकड कुंचला घेऊन त्याचे चित्र रंगवते आहे. खाली मथळा : ‘कमी नाही, जास्त नाही’. स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया याच्या ‘लॉस काप्रिचोस’ या मालिकेतले हे 41वे चित्र.

फेब्रुवारी 1799मध्ये या 80 छापचित्रांची जाहिरात माद्रिदच्या दैनिकात आली. माणसांच्या चुका आणि दुर्गुण यांवर बोट ठेवण्याचा हक्क कवीइतकाच चित्रकारालाही आहे, असा तिचा आशय होता. चित्रे विकायला ठेवली ती अत्तर आणि मद्याच्या दुकानात. त्या रस्त्याच्या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘भ्रमनिरास’! सुगंधी मालाशेजारी गोयाने कडू काढा मांडला होता. त्यात एक गाढव आपल्या कुळाची वंशावळ उघडून बसले आहे. दुसरे वैद्य होऊन रोग्याची नाडी पाहते आहे. आणखी एका चित्रात दोन माणसे पाठीवर गाढवे घेऊन वाकली आहेत. ओझे ज्याने वाहायचे, तोच स्वार झाला आहे. गिऱ्हाईक फार मिळाले नाही. थोड्याच दिवसांत गोयाने विक्री थांबवली आणि 1803मध्ये चित्रांच्या छपाईचे ताम्रपट राजाला देऊन मुलासाठी वेतन मिळवले.

मला मात्र पुन्हापुन्हा ते माकडच आठवते. कारण गोया स्वतः दरबारी चित्रकार होता. राजघराण्याची, सरदारांची चित्रे काढण्यावर त्याची चूल पेटायची. 1799मध्येच तो दरबाराचा प्रमुख चित्रकारही झाला. गाढवांवर हसताना त्यांना रंगवणारा हात कोणाचा, हे त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

आपण व्यंगचित्र पाहतो, खुदकन हसतो आणि लगेच पुढे पाठवतो. मनात नाव ठरलेले असते : कोणी साहेब, कोणी पुढारी, कोणी व्याही. पण त्याच साहेबांच्या रटाळ भाषणानंतर पहिली टाळी आपली असते. लग्नमांडवात गर्भश्रीमंत पाहुण्यासाठी म्हाताऱ्या काकांना उठवून खुर्ची रिकामी करणारेही आपणच. गाढवाला आपण कोणी थोर आहोत असे एकट्याने वाटत नाही. तसे चित्र कोणीतरी त्याच्यापुढे धरावे लागते.

चित्रातले गाढव ओळखायला क्षणही पुरतो. माकड ओळखायला मात्र कधी कधी अर्धे आयुष्य जाते.