आश्रय, शक्ती आणि प्रयोजन

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या परिसरातील गावांत, शैव मंदिराचा जीर्णोद्धार आगमोक्त, म्हणजे शैव आगमग्रंथांत सांगितलेल्या, विधीने होतो. मूर्तीतील कला, म्हणजे देवतेच्या सान्निध्याचे अंश, मंत्रपूर्वक जलकुंभात उतरवल्या जातात (हेच कलाकर्षण), आणि काम पुरे होईपर्यंत पूजा बालालयात, म्हणजे तात्पुरत्या देवस्थानात, चालते. पुढे कुंभाभिषेकाच्या वेळी ते सान्निध्य मूर्तीत परत प्रतिष्ठित होते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचा असा कुंभाभिषेक ५ फेब्रुवारी २०२० रोजी झाला. आश्रय बदलला तरी शक्ती तीच राहते, ही या विधीमागची श्रद्धा होय.

संगणकाचा जुना एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, हौशी प्रयोगांसाठी वापरताना आश्रय आणि शक्ती यांच्या नात्याचा प्रश्न उलट बाजूने उभा राहतो, कारण येथे आश्रय तोच राहून प्रयोजन बदलते. एटीएक्स पद्धतीच्या पेटीतील हिरवी तार काळ्या तारेला, म्हणजे शून्य विद्युतदाबाच्या तारेला, जोडली की पेटी संगणकाविनाच चालू होते आणि पिवळ्या तारेवर १२, तांबडीवर ५ व नारिंगीवर ३.३ व्होल्ट मिळतात. काही जुन्या पेट्यांना मात्र दाब स्थिर राहण्यासाठी ५ व्होल्टवर सिमेंटच्या रेझिस्टरचा थोडा भार द्यावा लागतो. एवढ्याने वस्तू दुसरी झाली काय?

न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांत समवायाने (अविभाज्य संबंधाने) राहणारे संपूर्ण द्रव्य, अवयव विलग झाल्यावर नष्ट होते. येथे अवयव जागचे हललेलेच नाहीत, तेव्हा द्रव्य तेच. ‘मिलिंदपञ्हा’ या पाली बौद्ध ग्रंथातील भिक्षू नागसेन रथाला अवयवांच्या आधारे केलेला केवळ व्यवहार मानतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने फक्त नाव बदलले. दोन्ही उत्तरे अवयवांपाशीच थांबतात. पेटीचा खरा धर्म नियमनाचा आहे: २३० व्होल्टची वीज घेऊन, मागणी वाढो वा घटो, ठरलेला दाब राखणे; संगणक हा त्या धर्माचा एक उपभोक्ता होता, एवढेच. असेच मंदिराच्या भिंतीचेही झाले: तंजावरचे मराठा राजे शरभोजी दुसरे यांच्या कारकिर्दीत, १८०३ मध्ये, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला, तेव्हा भिंतीला लेखपट्टाचे काम मिळाले, पण तिचे भिंतपण कमी झाले नाही.

आगमाची एक शिस्त मात्र येथेही लागू पडते: शक्ती उतरवल्याखेरीज आश्रयाला हात लावायचा नाही. पिन काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या घटकात, सुमारे ३०० व्होल्टचा दाब काही काळ टिकतो, आणि त्याचा निचरा करणारा रेझिस्टर निकामी झाला असेल तर नुसते थांबणे पुरत नाही, म्हणून पेटी उघडणाऱ्याने मीटर लावून दाब शून्य झाल्याची खात्री करून घ्यावी लागते.